‘बाई, तुमचा मुलगा बाहेर उभा आहे’ : माध्यमिक शाळेत विशेष शिक्षण सगळ्यांनी मिळून कसं चालवायचं

“बाई, तुमचा मुलगा बाहेर उभा केलाय, बघा जरा.”

शाळेत रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. माझ्या घरी तीन वर्षांची मुलगी होती, मुलगा नव्हताच. मग उलगडा झाला. तो मुलगा आठवी ब चा. हजेरीपटावर त्याचा नंबर होता, त्याला वर्गशिक्षक होते, प्रत्येक विषयाला शिक्षक होते. पण त्याच्या नावाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं आणि मी विशेष शिक्षिका, म्हणून तो माझा.

बाहेर का काढलं होतं, तर फळ्यावरचं उतरवून घेत नव्हता. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला पाचव्या बाकावरून फळा दिसत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण सरांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. प्रमाणपत्र लिपिकांच्या कपाटात होतं, मूल वर्गात होतं, आणि मी कोपऱ्यातल्या खोलीत पाटी लावून बसले होते. तिघांची गाठच पडली नव्हती.

सर वाईट नव्हते. सांगितल्यावर त्यांनीच त्याला पुढे बसवलं. म्हणून पहिल्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे: चांगुलपणावर काही सोडू नका. शाळेत माणसं चांगलीच असतात, पण चांगुलपणा जूनमध्ये असतो आणि सहामाहीच्या पेपर तपासणीत विरून जातो. जे वेळापत्रकात बसतं, कागदावर उतरतं आणि ज्याच्यापुढे कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं, तेवढंच टिकतं. पुढे जे सांगणार आहे ते आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या अनुभवातून आहे. पाचवीपासूनच्या शाळांनाही ते लागू पडेल.

शाळा उघडण्याआधी: वेळापत्रक करणाऱ्या सरांना गाठा

शाळेत सगळ्यात मोठी सत्ता कुणाची, असं विचारलं तर नवे लोक मुख्याध्यापकांचं नाव घेतात. जुने लोक वेळापत्रक करणाऱ्या सरांचं घेतात. तुम्ही त्यांच्याकडे मे महिन्यात गेलात तर कामं होतात. जुलैत गेलात तर “आता पुढच्या वर्षी बघू”.

त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा, त्या लेखी मागा आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन मागा. पहिली, आठवड्यातून एकदा तुमची आणि नववी-दहावीच्या गणित-भाषेच्या शिक्षकांची एक मोकळी तासिका एकाच वेळी पडावी. रोज नको, एकच. दुसरी, मुलांना संसाधन कक्षात, म्हणजे विशेष शिक्षकाच्या खोलीत, बोलवायच्या तासिका खेळाच्या, चित्रकलेच्या किंवा संगणकाच्या तासावर येऊ नयेत. ज्या मुलाला दिवसभर ‘जमत नाही’ असं ऐकावं लागतं, त्याच्या वाट्याला आलेला खो-खोचा तास काढून घेणं हा अन्याय आहे, आणि मी तो पहिल्या वर्षी केलेला आहे. तिसरी मागणी बदली तासिकांची. विशेष शिक्षक म्हणजे हक्काचा बदली माणूस, असा बऱ्याच शाळांत समज असतो. कुणी रजेवर गेलं की पाठवा बाईंना. थोड्या बदल्या घ्याव्यात, सगळेच घेतात, आणि अनोळखी वर्गांशी ओळखही होते. पण आठवड्याला किती, हे आधीच ठरवून घ्या.

याच वेळी खोल्यांचंही बघून घ्या. व्हीलचेअर वापरणारं मूल ज्या तुकडीत आहे, ती आख्खी तुकडी तळमजल्यावर आणायची. हे मुख्याध्यापकांच्या हातात असतं आणि त्याला पैसा लागत नाही. उतार बांधायचा असेल तर गवंड्याला एक हिशेब सांगा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. याहून उभा उतार म्हणजे घसरगुंडी. आणि उतार बांधून झाला की त्याच्या तोंडाशी कुणाची स्कूटर लागते आहे तेही बघा. आमच्याकडे ती स्टाफचीच निघाली.

यादी: प्रमाणपत्र असलेली आणि नसलेली मुलं

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लिपिकांकडे बसून यादी करा. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, विशेष गरजा असलेली मुलं म्हणून भरलेली नावं, दाखल्यावरचे शेरे, आणि आधीच्या प्राथमिक शाळेला एक फोन. हा फोन फार उपयोगी पडतो. तिथल्या बाईंनी सात वर्षं त्या मुलाला सांभाळलेलं असतं आणि फायलीत नसलेलं बरंच त्यांना माहीत असतं. “घंटा वाजली की कान झाकतो, ओरडू नका, दोन मिनिटांत शांत होतो.” असं वाक्य कुठल्याही अहवालात सापडत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ७ होते. त्यामुळे यादी करताना फक्त कुबडी, श्रवणयंत्र आणि चष्मा शोधू नका. अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं), स्वमग्नता (ऑटिझम), आणि सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. सिकलसेलच्या मुलीला वारंवार पाणी प्यायला जावं लागतं, हे माहीत नसलं की ती ‘सारखी बाहेर जाणारी’ ठरते.

दुसरी यादी संशयाची, आणि ती जपून करायची. वर्गशिक्षकांना कोरा कागद देऊन “अडचणीची मुलं लिहा” म्हटलं तर पंचवीस नावं येतात. त्यातली निम्मी नुसती दंगेखोर असतात. त्यापेक्षा खुणा विचारा. वाचनाच्या अडचणीबद्दल मी असं विचारते: तोंडी उत्तर नीट देतो, पण वहीत चारच ओळी असतात, असं कोण आहे? एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणारा कोण? मात्रा आणि अनुस्वार गाळतो, ‘भ’-‘म’ किंवा ‘घ’-‘ध’ यांत अजून घोळ घालतो, असा कोण? ऱ्हस्व-दीर्घ विचारत नाही. ते आम्ही शिक्षकही चुकतो.

एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे प्राथमिक तपासणीचं साधन यासाठी वापरता येतं. पहिला भाग नेहमीच्या शिक्षकांनी भरायचा आणि दुसरा विशेष शिक्षकाने, अशी त्याची रचनाच सहकार्याची आहे. एक पथ्य मात्र पाळा. तपासणी म्हणजे निदान नव्हे. स्टाफरूममध्ये “तो डिस्लेक्सियाचा” (म्हणजे वाचनाच्या अक्षमतेचा) असं म्हणायची सवय एकदा लागली की ती जात नाही. निदान रुग्णालयात होतं, आपण तिथे पाठवायचं.

एक पान

सगळ्या व्यवस्थेत मला एकच गोष्ट ठेवायची परवानगी असती तर मी हे पान ठेवलं असतं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचाच असतो, त्याचा नमुना सहा-सात पानांचा असतो, आणि तो तपासणीला येणारे साहेब सोडले तर कुणी वाचत नाही. शिक्षकांचा यात दोष नाही. आठवड्याला तीसेक तासिका आणि वर्गात साठ मुलं असलेला माणूस सहा पानं वाचणार नाही. म्हणून आराखडा फायलीत ठेवा आणि त्यातून प्रत्येक मुलासाठी एक पान काढा. पाठपोट नाही, एकाच बाजूला. त्यावर टक्केवारी नको, आजाराचं इंग्रजी नाव नको. काय करायचं तेवढंच.

माझ्या एका विद्यार्थिनीचं पान साधारण असं होतं:

नववी अ, हजेरी क्रमांक १७.
डाव्या कानाला श्रवणयंत्र. उजव्या कानाने ऐकू येत नाही.
जागा: दुसरा बाक, मुलींच्या उजव्या हाताला असलेल्या भिंतीकडची रांग, म्हणजे डावा कान वर्गाकडे राहतो.
बोलताना तोंड मुलांकडे. फळ्याकडे वळून बोललेलं तिच्यापर्यंत पोचत नाही.
स्मार्ट बोर्ड लावताना सगळे दिवे घालवू नका, ओठ दिसत नाहीत.
दुसऱ्या कुणी उत्तर दिलं की ते आपण एकदा पुन्हा म्हणा.
“कळलं का?” असं विचारू नका, ती ‘हो’च म्हणते. “मी काय सांगितलं ते सांग” म्हणा.
यंत्राची जादा बॅटरी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.
चित्रकला उत्तम. वर्गातल्या फलकाचं काम द्या.

शेवटची ओळ विसरू नका. मुलाला काय येतं हे एका तरी ओळीत हवं, नाहीतर ते पान म्हणजे तक्रारींची यादी होते.

हे पान वर्गशिक्षक आणि प्रत्येक विषयशिक्षक यांना हातात द्यायचं. एक प्रत बदली तासिकांच्या वहीत ठेवायची, कारण बहुतेक गोंधळ नेहमीचे शिक्षक नसताना होतात. भिंतीवर, फलकावर, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठेही टाकायचं नाही. ती त्या मुलीची खासगी माहिती आहे. आणि सहामाहीनंतर पान बदलायचं. जूनचं पान फेब्रुवारीत शिळं झालेलं असतं.

विषयशिक्षकांकडे काय घेऊन जायचं

समावेशित शिक्षणावर, म्हणजे दिव्यांग मुलांनी सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकण्यावर, भाषण घेऊन जाऊ नका. प्रशिक्षणात सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं, चहासकट. एक प्रश्न घेऊन जा: “सर, पुढच्या पंधरा दिवसांत काय घेताय?”

नववीच्या भूमितीत समांतर रेषांचा पाठ येतो. गणिताचे सर आकृती काढतात, कोनांना नावं देतात आणि “आता हा कोन आणि हा कोन” असं म्हणत बोट दाखवतात. अल्पदृष्टीच्या मुलासाठी ‘हा’ आणि ‘हा’ या दोन शब्दांत आख्खा पाठ बुडतो. मी सरांना दोन गोष्टी सांगितल्या. बोट दाखवताना कोनाचं नावही म्हणा. आणि मी पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवून दोन समांतर रेषा आणि एक छेदिका करून देते, ती त्याच्या बाकावर राहू दे. पुढच्या आठवड्यात तो पुठ्ठा चार बाकं फिरून आला, आणि सर म्हणाले, “बाई, असले अजून पाच करा, त्या मागच्या पोरांना आत्ता कळलं संगत कोन म्हणजे काय.” एका मुलासाठी केलेली सोय दहा जणांच्या कामी आली, की शिक्षक स्वतःहून तुमच्याकडे येतात. कुठलाही शासन निर्णय हे घडवून आणत नाही.

भाषेच्या शिक्षकांकडे माझी एकच मागणी असते. कृतिपत्रिकेचा सराव घेताना उतारा एकदा मोठ्याने वाचा, सगळ्या वर्गासाठी. वाचायला अडखळणारं मूल कान देऊन ऐकतं आणि आकलनाच्या कृती सोडवतं. त्याला वाचता येत नाही आणि त्याला कळत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाईंना त्या एका तासात दिसतं. विज्ञानात प्रयोगशाळा परिचरांना आधी भेटा. हात थरथरणाऱ्या मुलाला परीक्षानळी धरता येत नसेल तर जोडीदार धरेल, पण लिटमसचा रंग बघून निष्कर्ष त्यानेच सांगायचा. इतिहास-भूगोलात नकाशा मोठा करून लागतो. इथे एक धोक्याची सूचना: ए-फोर पान ए-थ्रीवर झेरॉक्स करून ‘मोठा टाइप’ होत नाही. अक्षरं फुटतात आणि पान बाकावर मावत नाही. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात पुन्हा टाइप करून घ्या.

“पोर्शन कधी संपवू मग?” हा प्रश्न येणारच. तो उडवून लावू नका, खरा प्रश्न आहे. मी त्यावर एक क्रम पाळते. पहिल्या वेळी “मी करून देते”, दुसऱ्या वेळी “आपण मिळून करू”, तिसऱ्या वेळी “आता तुम्ही करून बघा, मी मागे बसते”. पहिल्याच पायरीवर अडकलात तर जन्मभर तुम्हीच पुठ्ठे चिकटवत बसाल. थेट तिसऱ्या पायरीवर गेलात तर दार बंद.

आणि काही जण नाहीच म्हणतील. म्हणू देत. तीस जणांच्या स्टाफमध्ये पहिल्या सत्रात दोन जण मिळाले तरी भरपूर.

वर्गात दोघं शिक्षक

सुरुवातीला मी वर्गात जायचे ती थेट माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारी जाऊन बसायचे. मागच्या बाकावर, हळू आवाजात समजावत. आठवडाभरात पोरांनी त्याचं नाव ‘बाईंचं बाळ’ ठेवलं. नववीतल्या मुलाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. तो मला बघून तोंड फिरवायला लागला, आणि बरोबर होतं त्याचं.

आता मी वर्गभर फिरते. त्या रांगेत थांबते, पण वाटेत आणखी चौघांच्या वह्या बघते. सर शिकवत असताना मी फळ्याच्या कडेला नवे शब्द आणि पायऱ्या लिहीत जाते, म्हणजे ज्याचं लक्ष मध्येच सुटतं त्याला परत यायला जागा राहते. कधी उलट करतो, मी उदाहरण सोडवून दाखवते आणि सर फिरतात. सरांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं की कोणाच्या वहीत काय आहे. कधी वर्ग अर्धा-अर्धा करतो. यासाठी मोठं नियोजन लागत नाही. त्या एका सामाईक तासिकेत दहा मिनिटं पुरतात: कोण काय बोलणार, कोण कुठे उभं राहणार, आणि शेवटी मुलांकडून काय लिहून घ्यायचं. मुलांसमोर एकमेकांना दुरुस्त करायचं नाही, हा करार मात्र आधी करा. सरांचं गणित चुकलं तर ते फळा पुसतानाही सांगता येतं.

संसाधन कक्षाबद्दल फार लिहीत नाही. ब्रेल, पांढरी काठी घेऊन चालण्याचा सराव, बोलण्याचे व्यायाम, वाचनाची पायाभूत तयारी, अशी जी कामं वर्गात होऊच शकत नाहीत, तेवढ्यासाठी तो असावा. तिथे गृहपाठाची शिकवणी सुरू झाली की समजा, वर्गाने ते मूल तुमच्याकडे टाकून दिलं.

स्टाफरूमच्या बाहेरची माणसं

लिपिक हे या कामातलं अर्धं खातं आहेत. समग्र शिक्षा योजनेतला प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, मुलींचा दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, हे सगळं मुलाच्या बँक खात्यावर जातं. खात्याला आधार जोडलेलं नाही, नावात ‘बाळकृष्ण’ आणि ‘बालकृष्ण’चा फरक आहे, एवढ्यावर पैसे अडकतात. जुलैत अर्धा दिवस लिपिकांबरोबर बसून खात्यांची पडताळणी करा. त्यांच्या टेबलावरून फाइल मागून आणू नका, त्यांच्या शेजारी खुर्ची टाका.

शिपाईमामांना पानातलं जेवढं गरजेचं तेवढं तोंडी सांगा. फेफरं येणाऱ्या मुलाला सावरायला बहुतेक वेळा सगळ्यात आधी तेच पोचतात. एका कुशीवर झोपवायचं, तोंडात चमचा किंवा काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. हे मी दरवर्षी सगळ्या स्टाफसमोर करून दाखवते, आणि दरवर्षी कुणीतरी चप्पलेचं विचारतंच. व्हॅनवाल्या काकांचा नंबर घ्या, मुलाला कोणत्या दारातून उतरवतात ते बघा.

पालक, आणि खुद्द मूल

पालकांना पहिल्यांदा बोलवाल तेव्हा निरोप काय गेला हे तपासा. “विशेष बाईंनी बोलावलंय” म्हटलं की आई रात्रभर झोपत नाही. मी वर्गशिक्षकांना फोन करायला सांगते आणि भेटीतही तेच आधी बोलतात. पहिलं वाक्य मुलाला काय चांगलं येतं त्याचं. मग अडचण, ती वही उघडून. वही समोर असली की कुणाला वाद घालावा लागत नाही. “मतिमंद आहे का हो माझा?” असं एका वडिलांनी दारातच विचारलं होतं. त्यांच्या मुलाची तोंडी उत्तरं मी लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. ते गप्प बसून ऐकत राहिले.

नववीपासून मुलालाही बैठकीत बसवा. पान त्याला वाचून दाखवा. एका मुलाने माझ्या पानावरची ‘पहिल्या बाकावर बसवा’ ही ओळ खोडायला लावली. “तिसऱ्यावरून दिसतं मला, दुर्बीण आहे. पहिल्यावर बसलं की सगळे सर मलाच प्रश्न विचारतात.” बरोबर होतं. ओळ बदलली.

परीक्षेच्या सवलती: इथे घाई चालत नाही

आता सगळ्यात कटकटीचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या मुलांना सवलती १९९६ पासूनच मिळतात. दिव्यांगत्वाच्या प्रवर्गानुसार लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांत सूट, साधा कॅल्क्युलेटर, आकृत्या-नकाशांतून सूट, अशा त्या असतात. कोणत्या प्रवर्गाला कोणती, हे शासन निर्णय समोर ठेवूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नाही.

चुका कुठे होतात ते सांगते.

प्रमाणपत्राची मुदत. अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा, असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत होतं; आताची मार्गदर्शिका काय म्हणते ते तपासून घ्या. चौदावं वर्ष म्हणजे बहुतेकांची आठवी-नववी. तिसरीतल्या प्रमाणपत्रावर विसंबून दहावीच्या दिवाळीत जागे झालात तर रुग्णालयाची तारीखच मिळत नाही. नववीच्या जूनमध्ये सगळी प्रमाणपत्रं काढून तारखा बघा. खासगी तज्ज्ञांचा अहवाल निदानाला उपयोगी, पण दहावीच्या परीक्षा मंडळासाठी अधिकृत शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, हेही पालकांना तेव्हाच सांगा.

सराव. सवलत दहावीच्या मार्चमध्ये पहिल्यांदा वापरायची गोष्ट नाही. आठवीच्या पहिल्या चाचणीपासून द्या. एक तासाच्या चाचणीला २० मिनिटं जादा म्हणजे पुढची तासिका बुडते किंवा मधली सुट्टी जाते. मधली सुट्टी घ्यायची नाही, डबा खायचा असतो. म्हणून परीक्षाप्रमुखांना सांगून त्या मुलाची चाचणी पहिल्या तासाला, परिपाठाच्या वेळेपासून सुरू करा. दहावीत ८० गुणांच्या तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं जादा आणि ४० गुणांच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. चार तास एका जागी बसण्याचीही सवय लागते. काही मुलांना जादा वेळ नकोसा होतो, ती तीन तासांत उठतात. पूर्वपरीक्षेत हे लक्षात आलं तर निदान मध्ये पाणी-विश्रांतीची सोय ठरवता येते.

लेखनिक. तो खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीचा. सप्टेंबरमध्ये निवडा, त्याच्या पालकांची लेखी संमती घ्या, आणि एक राखीव ठेवा, कारण मार्चमध्ये कांजिण्या येतात. अक्षर सुवाच्य हवं, हुशारी फार नको. हे गमतीने म्हणत नाही. आमची एक लेखनिक इतकी हुशार होती की सराव परीक्षेत मुलाने उठावाचं वर्ष १८७५ सांगितलं आणि तिने मुकाट्याने १८५७ लिहिलं. तिला वाटलं मदत केली. दोघांना बसवून समजावलं: तो जे बोलेल तेच लिहायचं, चुकलं तर चुकलेलं. उलट त्या मुलालाही शिकवावं लागतं, कारण उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित कर’ हे म्हणायचं असतं. समीकरण सांगताना ‘कंसात’ आणि ‘कंस पूर्ण’. दर शनिवारी अर्धा तास, असा चार महिने सराव झाला की जोडी जमते.

कागद. दहावीची आवेदनपत्रं भरतानाच दिव्यांगत्वाचा प्रकार नोंदवला गेला पाहिजे आणि सवलतींचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या पत्रासह आपल्या विभागीय मंडळाकडे गेला पाहिजे. मंजुरीचं पत्र आलं की त्याच्या तीन प्रती: पालक, शाळा, परीक्षा केंद्र. मग परीक्षेच्या आठवडाभर आधी स्वतः केंद्रावर जा. केंद्रसंचालकांना भेटा, खोली तळमजल्यावर आहे का बघा, पंखा फार आवाज करतो का बघा. मूल आणि लेखनिक यांनाही तो रस्ता एकदा दाखवून आणा. पत्र असूनही पहिल्या दिवशी “असं काही आम्हाला कळवलेलं नाही” असं ऐकावं लागतं. त्या वेळी वाद घालण्यापेक्षा पिशवीतली चौथी प्रत काढावी.

शाळेत विशेष शिक्षकच नसेल तर

बहुतेक शाळांची हीच गत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सांगितलं. प्रत्यक्षात एका शिक्षकाच्या पदरी तालुक्यातल्या कित्येक शाळा असतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयात) समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि फिरते विशेष शिक्षक असतात, त्यांचा शाळेला येण्याचा वार आधी मागून घ्या. ते येतील त्या दिवशी मुलाला वेगळं बसवून दोन तास ‘शिकवून’ घेऊ नका. त्यांना वर्गात बसवा, शिक्षकांशी अर्धा तास बोलू द्या आणि पानं दुरुस्त करून घ्या. मूल तर रोज तुमच्याचकडे आहे. साधनांची मापं घेणारं मोजमाप शिबिर कधी आहे, श्रवणयंत्र किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) कुणाला बदलून हवं, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

उरलेलं काम एका शिक्षकाच्या गळ्यात न घालता तिघांत वाटा: यादी आणि भत्ते एकाकडे, पानं वर्गशिक्षकांकडे, सवलती परीक्षाप्रमुखांकडे. तिघांनी महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसायचं, आणि वहीत तारीख घालून दोन-चार ओळी लिहायच्या.

पहिलं पान लिहायला विशेष पदवी लागत नाही. मुलाच्या आईला बोलवा, शाळेत आधीपासून असलेल्या एखाद्या जुन्या शिक्षकांना बसवा, आणि मुलालाही. कुठे बसवायचं, काय करायचं, काय करायचं नाही, काय छान येतं, एवढ्या चार ओळी झाल्या तरी चालतील. झेरॉक्स काढा आणि एक प्रत बदली तासिकांच्या वहीत ठेवा.